40 लाख 62 हजारांचा हिशेब: विद्यापीठाच्या आरोग्य कार्यक्रमाला पैसा कुठून आणायचा

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी सुकदेब साहा प्रकरणात दिलेल्या निकालाने विद्यापीठांच्या वित्त विभागांसमोर एक नवा विषय आणून ठेवला. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या खंडपीठाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी आणि आत्महत्या टाळण्यासाठी शैक्षणिक संस्थांना 15 मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि कायदा होईपर्यंत ती बंधनकारक राहतील असे सांगितले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. शिक्षक आणि शिक्षकेतर, दोघांचेही वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवे. टेलिमानससारख्या हेल्पलाइनचे क्रमांक वसतिगृहात, वर्गात, संकेतस्थळावर ठळक अक्षरांत हवेत. निवासी संस्थांत छतपंख्यांना सुरक्षा साधन हवे, गच्चीवर मोकळा प्रवेश नको. नाव-गाव गाळून ठेवलेल्या नोंदी आणि वार्षिक अहवाल हवा. त्याआधी 13 एप्रिल 2023 ला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचना आल्याच होत्या. त्यांत प्रत्येक संस्थेत विद्यार्थी सेवा केंद्र असावे असे सुचवले होते.

काय करायचे ते लिहून आले. पैसा कोण देणार, ते कुठेच लिहिलेले नाही.

पुढचे प्रकरण त्याबद्दल आहे. हे कुठल्या एका विद्यापीठाचे दप्तर नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 खाली चालणारे एक मध्यम आकाराचे राज्य विद्यापीठ धरून हिशेब मांडला आहे. विद्यार्थीसंख्या, दर आणि रकमा हिशेबासाठी धरलेल्या आहेत. कायदे, नियम, आदेश आहेत तसे घेतले आहेत. आपल्या विद्यापीठाचे आकडे घालून हाच हिशेब कुणालाही करता येईल.

परिस्थिती

मुख्य आवारात 5,200 विद्यार्थी, बहुतेक दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे. वसतिगृहांत 1,900 जण, 720 खोल्या. शिक्षक-शिक्षकेतर मिळून 900 कर्मचारी. आरोग्य केंद्रात एक अर्धवेळ वैद्यकीय अधिकारी आणि एक परिचारिका. ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी आहे, पण कक्ष चालवतात मानसशास्त्र विभागातले एक प्राध्यापक, अतिरिक्त कार्यभार म्हणून, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी. प्रत्येक विद्यार्थ्याकडून वर्षाला 100 रुपये आरोग्य शुल्क घेतले जाते. त्यातून प्रवेशावेळची वैद्यकीय तपासणी आणि पॅरासिटामॉल-ओआरएस एवढेच भागते.

निकालानंतर समिती नेमली गेली. समितीने 1 कोटी 12 लाखांचा प्रस्ताव केला: वेलनेस सेंटरसाठी जुन्या इमारतीचे नूतनीकरण 45 लाख, खुली व्यायामशाळा 18 लाख, रुग्णवाहिका 16 लाख, मानसिक आरोग्याचे मोबाइल अ‍ॅप 9 लाख, दोन समुपदेशक दरमहा 30 हजारांवर म्हणजे 7 लाख 20 हजार, कार्यशाळा 6 लाख, गावांतली शिबिरे 5 लाख, किरकोळ 5 लाख 80 हजार.

वित्त व लेखा समितीने तो परत पाठवला. शेरा नेहमीचाच: ‘निधीचा स्रोत स्पष्ट करावा.’ असा शेरा आला की वित्त विभाग आडमुठा आहे असे म्हणायची पद्धत आहे. इथे शेरा योग्य होता, फक्त अर्धवट होता. खरा दोष पुढच्या ओळीत लिहायला हवा होता: 112 लाखांपैकी माणसांवर फक्त 7 लाख 20 हजार, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्याही आत. उरलेल्यातले बरेचसे एकदा घ्यायचे आणि मग आयुष्यभर सांभाळायचे.

रुग्णवाहिकेचेच पाहा. गाडी 16 लाखांत येते, पण तीन पाळ्यांना चालक, विमा, डिझेल आणि आत बसणारा प्रशिक्षित माणूस यांचा खर्च दरवर्षी. महाराष्ट्रात 2014 पासून 108 ची सेवा मोफत आहे. विद्यापीठाला गरज आहे ती रात्री दोन वाजता विद्यार्थ्याला रुग्णालयात नेणाऱ्या माणसाची आणि त्याच्या हाताशी असलेल्या रोख पैशांची. अ‍ॅपचे 9 लाखही जीएसटीविना लिहिले होते. त्यावर 18 टक्के कर लागतो आणि शिक्षणसेवा करमुक्त असल्याने विद्यापीठाला त्याचा परतावा मिळत नाही. म्हणजे 10 लाख 62 हजार, तेही दरवर्षी.

आधी काम मोजले, मग रक्कम

दुसऱ्या प्रस्तावात सुरुवात समुपदेशकाच्या आठवड्यापासून केली. एक सत्र 45 ते 50 मिनिटांचे. दोन सत्रांमध्ये नोंद लिहायला वेळ लागतो, काही तास तातडीने येणाऱ्यांसाठी मोकळे ठेवावे लागतात, रेक्टर आणि विभागप्रमुखांशी बोलणे असते. त्यामुळे दिवसाला चार, आठवड्याला 20 नियोजित सत्रे हा टिकणारा आकडा. कागदावर आठ लिहिता येतात, पण सहा महिन्यांत माणूस राजीनामा देतो. सुट्या वगळून 40 आठवडे धरले, तर तीन समुपदेशकांची 2,400 सत्रे होतात.

मागणीचा अंदाज: 8 टक्के विद्यार्थी येतील, म्हणजे 416, प्रत्येकाची सरासरी पाच सत्रे, म्हणजे 2,080. वरची 320 परीक्षांच्या काळासाठी. दोन समुपदेशक असते तर 1,600 सत्रेच झाली असती आणि ऑक्टोबरात प्रतीक्षायादी लागली असती. न्यायालयाचा ‘किमान एक’ ही पळवाट नाही. त्याच तत्त्वांत विद्यार्थी-समुपदेशक प्रमाण योग्य ठेवा असेही वेगळे सांगितले आहे.

वार्षिक खर्च असा बसला:

- तीन समुपदेशक, दरमहा 48,000: 17.28 लाख
- मानसोपचारतज्ज्ञ, आठवड्यातून दोन भेटी, 88 भेटी, प्रत्येकी 4,000: 3.52 लाख
- समुपदेशकांना बाहेरच्या ज्येष्ठ तज्ज्ञाचे मार्गदर्शन, महिन्याला दोन बैठका: 0.72 लाख
- कर्मचारी प्रशिक्षण, 45 जणांच्या 20 तुकड्या, वर्षातून दोनदा: मानधन 2.40 लाख, चहापान व छपाई 1.08 लाख
- वसतिगृहातल्या 40 विद्यार्थी-मित्रांचे प्रशिक्षण: 0.90 लाख
- रात्रीची वाहनव्यवस्था: 1.20 लाख
- औषधे व प्रयोगशाळा तपासण्या: 4.00 लाख
- दुसरी परिचारिका, दरमहा 26,000: 3.12 लाख
- नोंदी, कुलूपबंद कपाट, फलक: 0.80 लाख
- विद्यार्थी तातडी निधी: 2.00 लाख
- पाच गावांतला उपक्रम: 3.60 लाख

एकूण 40.62 लाख. दर विद्यार्थी सुमारे 781 रुपये.

एकदाच करायचा खर्च वेगळा काढला: आवाज बाहेर जाणार नाही अशा तीन खोल्या 6.60 लाख, 720 खोल्यांतल्या पंख्यांची साधने प्रत्येकी 1,500 प्रमाणे 10.80 लाख, गच्चीची दारे व जाळ्या 4.20 लाख, चार हिमोग्लोबिन मापक 1.20 लाख; मिळून 22.80 लाख. पंखे आणि दारे मिळून 15 लाखांचे काम अभियांत्रिकी विभागाच्या देखभाल लेखाशीर्षात टाकले. ते इमारतीच्या सुरक्षेचे काम आहे. स्वास्थ्य कार्यक्रमात घातले असते तर पहिल्याच वर्षी कार्यक्रमाचा आकडा फुगला असता आणि पुढच्या वर्षी ‘तरतूद कमी झाली’ असे दिसले असते.

ज्येष्ठ तज्ज्ञाचे 72 हजार पाहून सदस्य हमखास विचारतात की समुपदेशकाला समुपदेशक कशाला. आत्महत्येचे विचार घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला एकट्याने सांभाळणारा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा कंत्राटी कर्मचारी कुणाकडे जाईल, हे त्याचे उत्तर. ही ओळ खोडली की त्या तिघांपैकी एक जण वर्षात जातो आणि नव्या भरतीची जाहिरात, मुलाखती, मधले रिकामे दोन महिने यांचा खर्च 72 हजारांवर जातो.

विमा मुद्दाम घेतला नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे दरवर्षी कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आता राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांना आहे. रुग्णालयात दाखल होण्याचा समूह विमा पुन्हा विकत घेणे म्हणजे त्याच खर्चाला दोनदा पैसे मोजणे. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला तो वैयक्तिक पॉलिसींवरचा. समूह विम्यावर 18 टक्के कायम आहे. बाह्यरुग्ण तपासणी, समुपदेशन, औषधे या गोष्टी जन आरोग्य योजना देत नाही. विद्यापीठाने खर्च करायचा तो तिथे. प्रवेशाच्या वेळी शिधापत्रिकेची प्रत मागून ठेवली, तर रात्री रुग्णालयात धावपळ वाचते. परराज्यातल्या विद्यार्थ्यांची यादी मात्र वेगळी करावी लागते.

कुठला पैसा कशाला

जो खर्च दर महिन्याला होणार, त्याला दर वर्षी नक्की येणारा पैसा लावायचा. येईल-न येईल अशा पैशातून वस्तू घ्यायच्या किंवा मुदतीचे उपक्रम करायचे. पहिल्या प्रस्तावात हे नेमके उलटे होते: इमारत सर्वसाधारण निधीतून आणि समुपदेशक ‘सीएसआर मिळाल्यास’, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून द्यायचा निधी आला तर.

*शुल्क.* आरोग्य शुल्क 100 वरून 250 केले तर 5,200 विद्यार्थ्यांचे 13 लाख होतात, असा हिशेब कुणीही मांडेल. प्रत्यक्षात तेवढे येत नाहीत. शुल्कवाढ शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना लावणे योग्य नाही, आणि लावली तर आंदोलन ठरलेले. ती नव्या प्रवेशांपासून लागते, म्हणजे पहिल्या वर्षी निम्मे 250 देतात आणि निम्मे 100: मिळून 9.10 लाख. दुसरे, महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप योजनांत कोणते शुल्क परत मिळते हे योजनेनुसार बदलते. काहींत फक्त शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क असते, ‘इतर’ शुल्क विद्यार्थ्याच्या खिशातून जाते. ज्याला हा कार्यक्रम सर्वांत जास्त लागणार, त्याच्यावरच 250 चा बोजा. म्हणून ज्या शुल्काचा परतावा नाही ते या विद्यार्थ्यांकडून घ्यायचे नाही असे ठरवले आणि वसुली 78 टक्के धरली: पहिल्या वर्षी 7.10 लाख, दुसऱ्या वर्षापासून 10.14 लाख. मधली 3.04 लाखांची खोट पहिल्या वर्षी सर्वसाधारण निधीतून भरायची हे ठरावातच लिहिले. लिहिले नसते, तर जानेवारीत ‘तरतूद संपली’ म्हणून समुपदेशकांचा पगार अडकला असता.

शुल्काचा विषय शुल्क निश्चिती समितीकडून व्यवस्थापन परिषदेकडे जातो. विद्यार्थी प्रतिनिधींना तो परिषदेत पहिल्यांदा दिसता कामा नये. त्यांच्यापुढे 781 चा पूर्ण तक्ता ठेवायचा: तुम्ही 250 देणार, उरलेले 531 कोण देणार ते या रकान्यात आहे. आणि शुल्क वेगळ्या लेखाशीर्षात जमा होणार, शिल्लक राहिली तरी दुसरीकडे वळणार नाही, हे लेखी द्यायचे.

*सर्वसाधारण निधी.* नियमित वर्षात 21.52 लाख. हा आणि शुल्काचा पैसा मिळून 31.66 लाख होतात. समुपदेशक, परिचारिका, मानसोपचारतज्ज्ञ आणि मार्गदर्शक यांचा खर्च 24.64 लाख. म्हणजे माणसांचा सगळा खर्च खात्रीच्या पैशात बसतो. संपूर्ण प्रस्तावात ही एकच तुलना वित्त व लेखा अधिकाऱ्याला पहिल्या पानावर दाखवावी. बाकीचे तो आत वाचतो.

*विद्यार्थी विकास मंडळ.* इथे हात जपून घालावा. मंडळाकडचा निधी संलग्न महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या शुल्कातूनही येतो. तो मुख्य आवारातल्या समुपदेशकांच्या पगाराला वापरला, तर अधिसभेत एखादे प्राचार्य उठून विचारणारच. विद्यार्थी-मित्रांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात आसपासच्या महाविद्यालयांना जागा दिल्या आणि तेवढ्यापुरते 2 लाख घेतले.

*माजी विद्यार्थी.* 60 लाखांची ठेव, 7 टक्के व्याज धरून 4.20 लाख. त्यातला पाचवा हिस्सा मुद्दलात परत, वापरायला 3.36 लाख. मुद्दल मोडायचे नाही. देणगीदाराला प्राप्तिकरासाठी ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी विद्यापीठाने देणग्यांचे विवरण 31 मेपर्यंत प्राप्तिकर खात्याकडे भरावे लागते. हे एकदा राहिले की तोच देणगीदार पुन्हा फोन उचलत नाही. नव्या करप्रणालीत देणगीची वजावट मिळत नाही, तेव्हा आवाहनाची सुरुवात ‘करसवलत मिळवा’ अशी करू नये.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांबाबत घोळ हमखास होतो. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी माणसाने बँकेच्या नेहमीच्या मार्गाने पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही. अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतलेल्याची ठरते, मग त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी. कायद्याने स्थापन झालेल्या आणि महालेखापरीक्षकांचे लेखापरीक्षण अनिवार्य असलेल्या संस्थांना विदेशी अंशदान कायद्यातून (एफसीआरए) सूट आहे. आपले विद्यापीठ त्यात बसते का, हे कुलसचिव कार्यालयाकडून लेखी घेतल्याशिवाय खाते क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नये. न्यू जर्सीतल्या स्नेहसंमेलनात एका संध्याकाळी जमलेली रक्कम परत पाठवण्याची वेळ अशीच येते.

सीएसआर: थोडे सविस्तर

सीएसआर म्हटले की विद्यापीठात लगेच एखादा ट्रस्ट काढण्याची चर्चा सुरू होते. गरज नसते. कंपन्यांच्या सीएसआर नियमांतल्या नियम 4(1)(ग) नुसार संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेली संस्था थेट काम घेऊ शकते आणि तिला तीन वर्षांच्या अनुभवाची अट नाही. ती अट इतर ट्रस्ट-सोसायट्यांना आहे. नवा ट्रस्ट काढला तर उलट तीच अट स्वतःच्या पायात बांधून घ्यायची. सीएसआर-1 नोंदणी मात्र हवी. अर्ज व्यावसायिक सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय लेखापालाकडून डिजिटल पडताळून जातो.

वेळ हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. कंपन्यांचा वार्षिक कृती आराखडा आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला ठरतो, म्हणून प्रस्ताव जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्या टेबलावर हवा. फेब्रुवारी अखेरीस जो फोन येतो, ‘आमच्याकडे थोडी रक्कम आहे, 31 मार्चच्या आत बिल द्याल का’, तो उरलेल्या पैशाचा असतो. त्यातून खुर्च्या, ट्रेडमिल आणि पाणी थंड करणारी यंत्रे येतात. ट्रेडमिलला नाही म्हणायची तयारी ठेवावी आणि त्याऐवजी हातात तयार असलेली एकदाच्या खर्चाची यादी पुढे करावी. या प्रकरणात तीन खोल्या आणि हिमोग्लोबिन मापक, मिळून 7.80 लाख, असेच बसले: दरपत्रके आधीच मागवून ठेवली होती.

पाच गावांच्या उपक्रमासाठी मात्र बहुवर्षीय प्रकल्प मागितला. नियमांनुसार असा प्रकल्प सुरू झालेले वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे चालतो. कंपनीच्या वित्त प्रमुखाला पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचे प्रमाणित करावे लागते. तेव्हा कंपनी प्रत्येक बिलाची प्रत मागते त्यात संशयाचा भाग नसतो. स्वतंत्र बँक खाते किंवा किमान स्वतंत्र उपशीर्ष पहिल्या दिवसापासून ठेवले, तर तिमाही उपयोगिता प्रमाणपत्र अर्ध्या दिवसात निघते. सगळे एका मोठ्या खात्यात गेले तर महिनाभर कारकून बिले शोधत बसतो. प्रकल्पातून शिल्लक वा व्याज आले तर तेही त्याच प्रकल्पात.

जाहिरातीचा लाभ मिळवण्यासाठी दिलेले प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरत नाहीत. म्हणून ‘युवा महोत्सवात आमची कमान लावा’ असे कुणी म्हणाले की विषय वेगळ्या टेबलावर न्यावा. तंबाखू आणि मद्याच्या कंपन्यांचे पैसे या कार्यक्रमाला घेऊ नयेत हे आमचे मत. व्यवस्थापन परिषदेने ते आधीच ठरावात लिहून ठेवले तर ऐन वेळी कुणाचा रागलोभ येत नाही.

चालवताना काय बिघडते

पहिली अडचण अकरा महिन्यांच्या कराराची. जूनमध्ये नेमलेले लोक पुढच्या एप्रिल अखेरीस मोकळे होतात, म्हणजे उन्हाळी परीक्षांच्या ऐन मध्यावर. चार महिने येणारा विद्यार्थी पेपरच्या आदल्या दिवशी येतो तर दाराला कुलूप. हे टाळायला नूतनीकरणाचा विषय डिसेंबरच्या परिषदेत घ्यावा आणि तांत्रिक खंड, म्हणजे दोन करारांमधला सक्तीचा विराम, अटळच असेल, तर तिघांचा एकाच वेळी न देता निकालानंतरच्या सुट्टीत आळीपाळीने द्यावा. पहिल्या नेमणुकांच्या तारखाच त्या बेताने ठरवाव्या लागतात. वरच्या तक्त्यात बारा महिने धरले आहेत ते याचसाठी.

दुसरी, लेखापरीक्षण. लेखापरीक्षक विचारतो: 2,000 सत्रे झाली, पुरावा काय? आणि विद्यार्थ्यांच्या सह्यांचा तक्ता मागतो. त्याचे चूक नाही, त्याला खर्चाचा आधार हवा. पण नावानिशी यादी लेखा विभागात गेली की दुसऱ्या दिवसापासून कुणी येत नाही, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधला गोपनीयतेचा हक्कही मोडतो. उपाय साधा, पण आधी करायचा. नोंदवहीच्या पानावर पाच रकाने: तारीख, वेळ, संकेतांक, सत्राचा प्रकार, समुपदेशकाची सही. प्रकार म्हणजे फक्त ‘पहिले’, ‘पुढचे’, ‘तातडीचे’, ‘पाठवणी’ (तज्ज्ञाकडे). विभाग नाही, वसतिगृह नाही, मुलगा की मुलगी तेही नाही; लहान विभागात तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो. संकेतांक आणि नाव जुळवणारी वही वेगळ्या कपाटात, किल्ली समुपदेशकाकडे. महिन्याच्या शेवटी एकूण संख्येचा एकपानी गोषवारा बिलाला जोडायचा. हीच कागदपत्रे पुरावा मानली जातील असा ठराव वर्षाच्या सुरुवातीला करून त्याची प्रत लेखापरीक्षकाला द्यायची. न्यायालयाने मागितलेला नाव-गाव गाळलेला वार्षिक अहवालही यातूनच निघतो.

तिसरी, रात्र. रेक्टरकडे 15 हजारांचा स्थायी अग्रिम ठेवला. रिक्षा, केसपेपर, पहिल्या तपासण्या, सोबत गेलेल्या दोन मुलांचे जेवण यासाठी. पूर्वमंजुरी नाही, तीन दिवसांत पावत्या. अग्रिम नसेल तर रेक्टर स्वतःच्या खिशातून देतो, बिल ‘पूर्वमान्यता नाही’ म्हणून परत येते आणि पुढच्या वेळी तो विद्यार्थ्याला ‘सकाळी बघू’ म्हणतो. वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर टेलिमानसचा 14416 हा क्रमांक आहे; तो चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. पण फोनवरचा माणूस कुणाला गाडीत बसवून नेऊ शकत नाही.

प्रशिक्षणाच्या तुकड्यांत सुरक्षारक्षक, मेसचे कर्मचारी आणि परीक्षा विभागाच्या खिडकीवरचे लिपिक आधी घ्यावेत. एजन्सीचे रक्षक ‘आमचे कर्मचारी नाहीत’ म्हणून वगळले जातात, आणि रात्री दोनला गेटवर तेच असतात.

पाच गावे

समुदायाचा भाग बहुतेक ठिकाणी ‘महाआरोग्य शिबिर’ होऊन संपतो: मांडव, पाहुणे, दिवसभरात हजार तपासण्या, आणि सापडलेल्या रुग्णांचे पुढे काय झाले ते कुणालाच माहीत नाही. इथे विषय एकच घेतला, रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के महिलांत तो आढळला. उन्नत भारत अभियानात विद्यापीठाने घेतलेली पाच गावे हीच कार्यक्षेत्रे, आणि मनुष्यबळ राष्ट्रीय सेवा योजनेचे. त्या स्वयंसेवकांना वर्षाला 120 तास काम करायचेच असते.

3.60 लाख असे: 2,500 चाचण्यांच्या पट्ट्या 40 रुपयांप्रमाणे 1 लाख, 60 फेऱ्यांची गाडी 1.20 लाख, अर्धवेळ समन्वयक दहा महिने 1 लाख, छपाई व किरकोळ 40 हजार. औषधाची ओळ शून्य. लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमातून प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. विद्यापीठाने स्वतः गोळ्या विकत घेऊन वाटल्या, तर आरोग्य केंद्राच्या नोंदीत ती बाई येतच नाही आणि प्रकल्प संपला की तिच्या गोळ्याही संपतात. म्हणून जूनमध्येच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र, गावनिहाय तारखा आशाताईंशी बोलून, आणि प्रत्येक चाचणीची नोंद त्यांच्या वहीत. गरोदर नसलेल्या महिलेत हिमोग्लोबिन दर 100 मिलीलिटर रक्तात 12 ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय, 8 च्या खाली तीव्र. तीव्र असेल तर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे.

चाचणीतली चूक सहसा बोटापाशी होते. थंडीत सकाळी हात गार असतात, थेंब येत नाही, स्वयंसेवक बोट पिळतो. पिळल्याने पेशींच्या मधल्या जागेतला द्रव रक्तात मिसळतो आणि आकडा कमी येतो. हात कोमट पाण्यात धरायला सांगायचे, बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचायचे, पहिला थेंब पुसून पुढचा घ्यायचा. बोट टोचणे परिचारिकेने किंवा प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करावे. विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी, रांग लावावी. पट्ट्यांचा डबा एकदा उघडला की मुदत कमी होते, तेव्हा एका गावासाठी तीन डबे एकदम फोडू नयेत. आणि 2,500 चाचण्या म्हणजे 2,500 माणसे नव्हेत: सापडलेल्यांची दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायला हजारभर पट्ट्या राखून ठेवल्या आहेत.

दुसरे वर्ष, कपातीसह

विद्यापीठाचा अर्थसंकल्प मार्चच्या अधिसभेत जातो, पण विभागांच्या मागण्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमतात. त्या महिन्यात न मागितलेली रक्कम नंतर सुधारित अंदाजात क्वचितच मिळते. मागणीसोबत तीन आकडे जोडावेत: पहिल्या भेटीसाठी किती कामाचे दिवस थांबावे लागले (पाचच्या वर गेले की धोक्याची खूण), प्रत्येक समुपदेशकाची आठवड्याची सत्रे, आणि वेळ घेऊन न आलेल्यांचे प्रमाण. कार्यशाळेला किती टाळ्या पडल्या ते नको.

समजा, दुसऱ्या वर्षी सर्वसाधारण निधीला 15 टक्के कात्री लागली. 21.52 लाखांचे 18.29 होतात, तूट 3.23 लाख. पहिला मोह सीएसआरच्या शिल्लक गाडीभाड्याकडे जातो. तो पैसा दुसरीकडे लावता येत नाही. कपात अशी: प्रशिक्षणाचे चहापान व छपाई बंद 1.08 लाख, जनऔषधी दरांनी खरेदी करून औषधांत 1 लाख, फलक पुन्हा न करता 31 हजार, आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्याजातला मुद्दलात परत जाणारा हिस्सा एका वर्षापुरता वापरायला घेऊन 84 हजार. बरोबर 3.23 लाख. यापुढे आणखी कात्री आली तर क्रम दुसऱ्या परिचारिकेचा: वर्षभराऐवजी दहा महिने, मे-जून वगळून, 52 हजार. समुपदेशकांच्या 17.28 लाखांना आणि मार्गदर्शकाच्या 72 हजारांना हात लावायचा झाला, तर विषय वित्त विभागात न मिटवता व्यवस्थापन परिषदेपुढे न्यावा, किती सत्रे कमी होतील तो आकडा सोबत लिहून: एक समुपदेशक कमी म्हणजे 800 सत्रे.